मारानाथा, वीस मिनिटं: समुद्रकाठच्या ख्रिस्ती ध्यानसाधनेत दोन रात्री

ज्यांना वाचायला वेळ कमी आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. वसईच्या किनारपट्टीवर, सुरूच्या बनाला लागून सिस्टरांचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनींचं, एक छोटं साधनागृह आहे. तिथं वर्षातून चार-पाच वेळा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार अशी ख्रिस्ती ध्यानाची मौनसाधना असते. जागा 14, देणगी 1,800 रुपये, राहणं-जेवण त्यातच. मी नोव्हेंबरात जाऊन आले आणि तेव्हापासून आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, दर गुरुवारी संध्याकाळी बसणाऱ्या ध्यानगटातही जाते. पाचातले चार तारे देते. एक तारा का कापला ते पुढे सांगितलं आहे, आणि ते नीट वाचा, कारण ती जेवणखाणाची तक्रार नाही. साधनागृहाचं नाव इथं घातलेलं नाही. जागा थोड्या आणि फोन उचलायला माणूस एकच, म्हणून सिस्टरांनीच तशी विनंती केली. तारखा आमच्या भागातल्या देवळांच्या, म्हणजे चर्चच्या, फलकावर लागतात.

आता सविस्तर.

मी 31 वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. माहेर आणि सासर दोन्ही कोळीवाड्यातलं, त्यामुळे काळजी आमच्या घरात नवीन नाही. वडील समुद्रावर गेले की आई दर दोन तासांनी उंबऱ्याशी येऊन आभाळ बघायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की मग मात्र तिला गाढ झोप लागायची, नारळी पौर्णिमेपर्यंत. त्या दिवसांत ती घोरायची आणि आम्ही भावंडं हसायचो. तिच्या घोरण्याचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर कळला. माझा मुलगा मुंबई हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींच्या, बाजूला सप्लाय बोटीवर खलाशी आहे. 28 दिवस समुद्रावर, 28 दिवस घरी. त्याला पावसाळ्याची सुटी नाही, त्यामुळे आईला मिळायचे ते दोन महिने मला नाहीत.

मे 2021 मध्ये तौक्ते आलं तेव्हा तो समुद्रावरच होता. 17 तारखेला वादळ मुंबईच्या पश्चिमेनं वर सरकलं. आमच्या वाडीतली केळी आडवी झाली, विजेचे खांब पडले, फोन बंद. टीव्ही नाही, देवळं कोरोनामुळे बंद. तराफा बुडाल्याची, माणसं वाहून गेल्याची बातमी शेजारच्या मुलानं सांगितली, बोटीचं नाव त्याला सांगता येईना. दोन दिवस आम्हाला काही कळलं नाही. 19 तारखेला दुपारी त्याचा फोन आला. त्याची बोट वेळेत आडोशाला गेली होती. तो म्हणाला, "आई, मी बरा आहे." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि भात लावला.

आठवडाभरानं रात्री दोनला छातीत धडधड सुरू झाली. हाताला मुंग्या, घसा कुणी आवळल्यासारखा, आता मरते अशी खात्री. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही वेळा नॉर्मल. पुढे हे महिन्यातून चार-पाच वेळा व्हायला लागलं. मुलगा घरी, शेजारच्या खोलीत झोपलेला, तरी व्हायचं. माझे मिस्टर उठून पाठीवरून हात फिरवत बसायचे, कारण त्यापलीकडे काय करावं ते त्यांना कळत नसे. माझा एक विद्यार्थी आता मनोविकारतज्ज्ञ आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, घंटा खरी वाजतेय, पण आग लागलेली नाही." पॅनिक अटॅक म्हणजे काय ते त्यानं फळ्यावर समजावं तसं समजावलं. शरीर धोका समजून ॲड्रेनॅलिन सोडतं, साधारण दहा मिनिटांत ते टोकाला पोचतं आणि मग ओसरतं. गोळ्या दिल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनानं बंद करायच्या नाहीत, हेही दहादा बजावलं. गोळ्यांनी अटॅक कमी झाले. उरली ती दिवसभराची भुणभुण. फोनवर विंडी हे वाऱ्याचं ॲप होतं. त्यात अरबी समुद्रावरची ती हिरवी-जांभळी वर्तुळं मी दिवसातून 40 वेळा बघायचे. एकदा मोजलं म्हणून आकडा सांगते.

आणि प्रार्थना? प्रार्थना तर मी कधी नव्हे इतकी करत होते. आईची लाकडी मण्यांची जपमाळ आहे, 59 मणी, त्यातला एक अर्धा झिजलेला. रात्री ती हातात घेतली की एक फेरा मुलासाठी, एक त्याच्या बोटीसाठी, एक बोटीच्या इंजिनासाठी, एक कप्तानाच्या डोक्यासाठी. मध्येच एखादं नमो मरिया, म्हणजे मण्यागणिक म्हणायची प्रार्थना, चुकलं असं वाटलं की तो फेरा पहिल्यापासून, कारण चुकलेला फेरा मोजला गेला नाही तर? दोन-दोन वाजायचे. लोक म्हणायचे बाईंची श्रद्धा किती. मला मात्र जपमाळ हातात घेतली की घाम सुटायला लागला होता. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, पापस्वीकारातसुद्धा नाही.

मधल्या काळात एका ठिकाणी प्रार्थनासभेलाही जाऊन आले. ठिकाणाचं नाव घेत नाही. तिथं व्यासपीठावरून सांगितलं गेलं की गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पर्समधून पाकीट काढून पायाखाली टाकलं. मी ते उचलून त्यांच्या पर्समध्ये परत घातलं आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. त्यामुळे नोव्हेंबरातल्या या साधनेला जाताना माझ्या पोटात गोळाच होता. पहिल्याच संध्याकाळी मी साधना घेणाऱ्या सिस्टरांना विचारलं, "माझ्या गोळ्या चालू आहेत. चालेल ना?" त्या म्हणाल्या, "टीचर, रात्री जेवणानंतरची असेल तर विसरू नका. आठवण करू का?" आणि शनिवारी रात्री खरंच त्यांनी जिन्यात थांबून खूण केली, गोळी घेतली का म्हणून. मौन चालू होतं, म्हणून नुसता हात तोंडाशी नेऊन दाखवला. माझ्या चार ताऱ्यांतला एक या खुणेचा आहे.

शुक्रवारी साडेसहाला ओळख झाली. 14 जणांत दोन माणसं ख्रिस्ती नव्हती, एक विरारचे बँकेतले गृहस्थ आणि एक नालासोपाऱ्याची शिक्षिका. त्यांना मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसायची सक्ती नव्हती. रविवारी सकाळी ती दोघं मिस्सेच्या वेळी बाहेर बाकावर चहा घेत बसली होती आणि कुणी भुवई उंचावली नाही. "तिथं बाटवतात का?" असं मला विचारणाऱ्या शेजारणीला हेच उत्तर दिलं आहे आणि इथंही देते: तिथं कुणाला बाटवत नाहीत.

पद्धत सांगायला दोन मिनिटं पुरतात. खुर्चीत किंवा जमिनीवर पाठ ताठ ठेवून बसायचं, पाय टेकलेले, डोळे हलके मिटलेले. मनातल्या मनात एकच शब्द म्हणत राहायचं: मारानाथा. मा, रा, ना, था, चारही अक्षरं सारख्या लांबीची, कुठल्याच अक्षरावर भार नाही. अर्थाचा विचार करायचा नाही, चित्र उभं करायचं नाही, काही मागायचं नाही. मन भरकटलं की स्वतःवर न चिडता शब्दाकडे परत यायचं. वीस मिनिटं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. साधनागृहात दिवसातून चार वेळा.

शब्द अरामी भाषेतला आहे, येशू ज्या भाषेत बोलला त्या भाषेतला. बायबलमध्ये, प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अगदी शेवटी तो आहे. सिस्टरांनी फळ्यावर लिहून त्याचा विग्रह केला तेव्हा माझ्यातली मराठीची शिक्षिका जागी झाली. 'मारान अथा' असा तोडला तर अर्थ 'आमचा प्रभू आला आहे' आणि 'माराना था' असा तोडला तर 'आमच्या प्रभू, ये'. आला आहे आणि ये, दोन्ही एकाच शब्दात. वर्गात असते तर यावर एक तास घेतला असता. इथं मात्र पुढच्याच वाक्यात सिस्टर म्हणाल्या, हा अर्थ आता बाजूला ठेवा.

हे कुठून आलं याची गोष्ट मला फार आवडली. जॉन मेन नावाचे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथातले संन्यासी, 1926 साली लंडनला जन्मलेले. संन्यास घेण्याआधी ते मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. तिथं क्वालालंपूरला स्वामी सत्यानंद नावाच्या हिंदू संन्याशांकडे कामानिमित्त गेले आणि त्यांच्याकडून सकाळ-संध्याकाळ एका मंत्रावर बसायला शिकले. स्वामींनी त्यांना सांगितलं, तुम्ही ख्रिस्ती आहात, तेव्हा मंत्रही ख्रिस्तीच घ्या. पुढे मठात गेल्यावर वरिष्ठांनी हे बंद करायला लावलं आणि त्यांनी मुकाट्यानं बंद केलं. बऱ्याच वर्षांनी जुने ग्रंथ वाचताना त्यांना जॉन कॅसियन सापडले, चौथ्या-पाचव्या शतकातले, इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांकडे राहून आलेले. कॅसियन यांनी लिहून ठेवलंय की ते तपस्वी बायबलमधल्या 70व्या स्तोत्रातली एकच ओळ, देवा माझ्या मदतीला धाव, उठता-बसता, वादळात आणि शांततेत म्हणत राहायचे. म्हणजे जे एका स्वामींकडून मिळालं ते आपल्याच घरात पेटीच्या तळाशी होतं. मेन यांनी 1975 मध्ये लंडनच्या ईलिंग इथल्या मठात पहिलं ध्यानकेंद्र सुरू केलं, 1982 मध्ये ते वारले, आणि 1991 पासून त्यांच्या मागच्या लोकांची जगभरची संघटना आहे. आमच्या धर्मग्रामातल्या गुरुवारच्या गटात तीच पद्धत चालते.

आमच्या रोजरी (जपमाळ) मंडळातल्या एक जुन्या बाई मला म्हणाल्या होत्या, हा तर जप, हे आपलं नव्हे. त्यांच्यासाठी सांगते. याच विषयावर व्हॅटिकननं ऑक्टोबर 1989 मध्ये एक पत्र काढलं आहे, कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीचं, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. दुसऱ्या धर्मांतल्या ध्यानाच्या रीती ख्रिस्ती माणसाला उपयोगी पडू शकतात असं त्यात आहे आणि एक इशाराही आहे: शरीराला वाटणाऱ्या निवांतपणालाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नका. हा इशारा मला फार मोलाचा वाटतो. सावकाश श्वास सोडला की हृदयाचे ठोके उतरतात, ही शरीराची रचना आहे. डॉक्टरनंही मला तेच सांगितलं. ते छानच आहे, पण एखाद्या दिवशी ठोके उतरले नाहीत म्हणजे देव निघून गेला असं मी आता मानत नाही.

पहिल्या बैठकीत मला काहीच जमलं नाही. पंखा प्रत्येक फेऱ्याला टक करत होता आणि मी टक मोजत बसले. दुसऱ्या बैठकीत, शनिवारी पहाटे साडेपाचला, समुद्राचा आवाज खिडकीतून येत होता आणि मी तो ऐकून वारा कुठला ते ठरवत होते. कोळ्याच्या मुलीचे कान. तिसऱ्या बैठकीत माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. तर्जनीवर पुढे, परत पुढे, परत पुढे. जपमाळ खोलीत उशीखाली होती आणि मी हवेतले मणी ओढत होते. मी मारानाथासुद्धा मोजत होते. 40, 41, 42. शंभर झाले की मुलगा सुखरूप, असा सौदा मनात कधी ठरला ते मलाच कळलं नव्हतं.

दुपारी सिस्टरांबरोबर प्रत्येकाला पंधरा मिनिटं बोलायची मुभा असते, तेवढंच मौन मोडतं. मी त्यांना अंगठ्याचं सांगितलं, जपमाळेचं सांगितलं, घामाचं सांगितलं. रडले. त्यांनी मला थांबवलं नाही, घाईनं पाणीही पुढे केलं नाही. मग म्हणाल्या, "टीचर, तुम्ही देवाला रोज रात्री बातम्या देताय. त्याला ठाऊक आहेत. वीस मिनिटं बातम्या बंद ठेवून नुसत्या त्याच्याजवळ बसा. मुलाचं नाव घेतलं नाही म्हणून तो मुलाला विसरणार नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या दुखण्यावर नेमकं बसलं. माझी भीती तीच होती. मी मोजायची थांबले तर वरचा पहारा उठेल. साडेतीन वर्षं माझी प्रार्थना म्हणजे काळजीच होती, फक्त तिला देवाचं नाव लावलेलं होतं. मला कुणी अधिक प्रार्थना करायला सांगितली असती तर मी अधिक आजारी पडले असते. इथं मला वीस मिनिटं मागणं बंद करायला शिकवलं. काळजी करणाऱ्या श्रद्धाळू माणसांसाठी या साधनेचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे असं मी छातीठोक सांगते.

शनिवारी संध्याकाळी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचला. वादळ उठलंय, लाटा तारवात येतायत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. जुन्या मराठी पवित्र शास्त्रात त्या मागच्या भागाला वराम असा शब्द आहे. शिष्य त्याला उठवून विचारतात, आम्ही बुडतोय त्याचं तुला काहीच वाटत नाही का? हा उतारा मी शेकडो वेळा ऐकला आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की 2021 च्या त्या दोन दिवसांत माझी सगळी प्रार्थना म्हणजे हा एवढा एकच प्रश्न होता. आणि तो प्रश्न विचारणारी माणसंही मासे मारणारीच होती. बाहेर अंधारात भरती चढत होती. सिस्टर उताऱ्यावर काही बोलल्या नाहीत, त्यांनी पुस्तक मिटलं आणि घंटेवर हलकेच टोला दिला. त्या वीस मिनिटांत मी एकदाही मोजलं नाही. किंवा मोजलं असेल, पण आठवत नाही.

जेवण साधं आणि मनापासून केलेलं. शुक्रवारी रात्री शाकाहारी, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. शनिवारी सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी केळफुलाची भाजी आणि सुकटाची चटणी, चार वाजताच्या चहाबरोबर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. मौनात जेवताना सुकेळ्याची चव किती वेळ जिभेवर राहते ते कळलं. मी वसईत जन्मले, वसईची सुकेळी लहानपणापासून खाल्ली, आणि त्या दुपारी पहिल्यांदा चाखली. खोल्या स्वच्छ, मच्छरदाणी आहे. न्हाणीघर मात्र दोन खोल्यांत मिळून एक आणि त्यात धरायला दांडी नाही. साठीच्या पुढच्यांना ओल्या फरशीवर भीती वाटते, हे मी त्यांना लिहून दिलं आहे.

शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत पलीकडच्या रिसॉर्टमधून गाणी वाजत होती. हा साधनागृहाचा दोष नाही, पण माहीत असावं. सिस्टर म्हणाल्या, आवाजाशी भांडू नका, तोही येऊ दे आणि जाऊ दे. मला ते त्या रात्री जमलं नाही.

दुसरी तक्रार भाषेची. हातात दिलेली आठ पानी पत्रिका इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेली आहे. 'वर्तमान क्षणातील उपस्थितीच्या अनुभूतीत स्थिर होणे' असलं काहीतरी. घाबरलेल्या माणसाला हे कसं पोचावं? सिस्टर तोंडी बोलतात ते इतकं सोपं आणि कानाला गोड, मग कागदावर हे का? फादर स्टीफन्स इंग्लंडातून येऊन 1616 साली मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा छापून गेले. रेव्हरंड टिळक आपल्या रत्नागिरीतल्या करजगावचे, त्यांनी ख्रिस्ताचे अभंग लिहिले. इतकं सगळं घरात असताना साधनेची पत्रिका अशी असू नये. मी ती पत्रिका पुन्हा लिहून द्यायला तयार आहे असं सांगून आले. पहिली चार पानं दिलीही आहेत.

आता कापलेला तारा. नावनोंदणीच्या अर्जात धर्मग्राम विचारतात, वय विचारतात, शाकाहारी की मांसाहारी विचारतात. कुठला मानसिक उपचार चालू आहे का, नुकताच काही आघात झाला आहे का, हे विचारत नाहीत. गप्प बसलं की आत दाबलेलं वर येतं. बहुतेकांना ते थोडं थोडं येतं, काहींना एकदम लोंढ्यासारखं. शनिवारी दुपारच्या बैठकीत एक तरुण मुलगी थरथरायला लागली, श्वास लागेना. सिस्टरांनी फार चांगलं सांभाळलं. तिला उठवून बाहेर नेलं, चपला काढून गवतावर चालायला लावलं, आजूबाजूला दिसतील त्या पाच गोष्टींची नावं मोठ्यानं घ्यायला सांगितली, आणि पुढच्या बैठकांना बसायचं नाही, स्वयंपाकघरात मदत कर म्हणून सांगितलं. संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती आणि तिचा चेहरा उतरलेला नव्हता. पण हे सिस्टरांच्या अनुभवावर निभावलं. त्या दिवशी दुसरं कुणी असतं तर? अर्जात दोन प्रश्न वाढवायला आणि गरज पडली तर फोन करता येईल असा एक डॉक्टर ठरवून ठेवायला काही खर्च नाही. ते झालं की पाचवा तारा मी स्वतः येऊन लावीन.

रविवारी रात्री घरी आले तेव्हा मिस्टरांनी विचारलं, "काय शिकवलं?" मी म्हणाले, "गप्प बसायला." ते म्हणाले, "ते मी 40 वर्षं करतोय," आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. ते शब्दबिब्द म्हणत नाहीत. समुद्राकडे तोंड करून बसतात.

गुरुवारचा गट म्हणजे आठ-दहा माणसं, धर्मग्रामाच्या वर्गखोलीत. दहा मिनिटं छोटं बोलणं, वीस मिनिटं ध्यान, मग ज्याला बोलायचंय तो बोलतो. पैसे नाहीत. एकट्यानं घरी रोज बसणं कठीण आहे आणि हा गट नसता तर माझं महिन्यात सुटलं असतं. एकच सांगणं, कधीकधी सुरुवातीचं बोलणं लांबून अर्ध्या तासावर जातं आणि मग सात पन्नासची बस चुकते.

काय बदललं? चमत्कार झाला नाही आणि तसं कुणी आश्वासनही दिलं नव्हतं. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत तर मला वाटत होतं की मन आणखी बिथरलंय. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, खोलीतला दिवा आत्ता लागला, पसारा आधीचाच आहे. अटॅक नंतरही आले, आठ महिन्यांत तीन. पण तिसऱ्या वेळी मी मिस्टरांना उठवलं नाही. अंथरुणात बसून राहिले, घंटा वाजतेय असं स्वतःला सांगितलं, आणि शब्द धरला. अटॅक संपायच्या आत मला जांभई आली. डॉक्टरनं सात महिन्यांनी गोळीचा डोस थोडा उतरवला. त्यानं उतरवला, मी नाही. विंडी अजून फोनवर आहे, सकाळी एकदा आणि रात्री एकदा बघते. जपमाळेला दोन महिने हात लावला नव्हता, सिस्टरांच्या सांगण्यावरून. आता पुन्हा म्हणते, एकच फेरा, आणि मध्ये चुकलं तर चुकलेलं तसंच पुढे नेते.

जूनमध्ये एकदा समुद्रात धोका असल्याचा लाल बावटा लागला. मुलगा समुद्रावर, फोन लागेना. संध्याकाळी सात वाजले तशी मी खुर्चीत बसले. पोटात कालवत होतं, हात गार पडले होते आणि ते गारच राहिले. वीस मिनिटं मारानाथा म्हटलं, शंभरदा भरकटले, शंभरदा परत आले. उठले तेव्हाही फोन लागत नव्हता. मग मी भात लावला. या वेळी त्यात मीठ घातल्याचं मला आठवतंय.

कुणी जावं: ज्यांना काळजीची सवय जडली आहे, ज्यांची प्रार्थना त्यांनाच थकवते, ज्यांच्या घरात कुणी समुद्रावर, परदेशात, आजारपणात आहे. ख्रिस्ती नसाल तरी चालेल, शब्द तुमचा घ्या म्हणतात. कुणी थांबावं: ज्यांच्यावर दुःख कोसळून थोडेच दिवस झालेत, जीव द्यावासा वाटतो, किंवा ज्यांना भास होतात. त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. 14416 हा टेली मानस या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ध्यान त्यानंतर, आणि डॉक्टरला सांगून.

जाणार असाल तर: वसई रोड स्टेशनवरून बसनं जा आणि शेवटच्या टप्प्याला रिक्षा करा, संध्याकाळी सहानंतर परतीची रिक्षा मिळणं अवघड. पंख्याखालची खुर्ची घेऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटेला खाडीवरून गार वारा येतो, शाल न्या. गोळ्या मोजून न्या, वर दोन दिवसांच्या जास्तीच्या. आणि तिथल्या उश्या अगदी चपट्या आहेत, तेव्हा स्वतःची उशी घरून न्या.